पाच दिवस १,०५० आणि दोन दिवस बेहिशोबी: अडलेल्या वजनाचं एक प्रकरण

हे प्रकरण कुणा एकीचं नाही. आहारतज्ज्ञाच्या टेबलासमोर पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारी एकत्र करून ते बांधलं आहे. आकडे मात्र एकमेकांशी जुळतील असे ठेवलेत, म्हणजे ज्याला हिशोब तपासायचा त्याला कागद-पेन घेऊन तपासता येईल.

वय ३४, उंची १६० सेंटिमीटर, दिवसभर खुर्चीतलं काम, घरात पाच वर्षांचं मूल. सुरुवातीचं वजन ७८ किलो, म्हणजे बीएमआय साधारण ३०.५. पहिल्या आठ आठवड्यांत वजन ७२.४ वर आलं आणि सगळ्यांनी कौतुक केलं. पुढचे पाच आठवडे काटा तिथल्या तिथे. त्या आल्या तेव्हा तक्रार एका दमात सांगून मोकळ्या झाल्या: "हजार कॅलरी खाते, व्यायाम चुकवत नाही, तरी वजन हलत नाही. आता आणखी काय कमी करू?"

बाकीच्या गोष्टी विचारल्यावर बाहेर आल्या. विंचरताना केसांचा पुंजका हातात येतो. ऑफिसात सगळे साध्या कपड्यांत बसलेले असताना यांना स्वेटर लागतो. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. शेवटची पाळी येऊन दहा आठवडे झालेत, "पण ते टेन्शनमुळे असेल". रात्री झोपण्याआधी फोनवर स्वयंपाकाचे व्हिडिओ बघायची सवय लागली आहे, स्वतः काही करायचं नसतानाही. हे सगळं त्यांच्या लेखी तक्रारीत धरण्यासारखं नव्हतं. तक्रार एकच होती, काट्याची.

१,२०० हा आकडा आला कुठून

त्यांना रोजचं लक्ष्य १,२०० कॅलरींचं मिळालं होतं, ते फोनमधल्या अ‍ॅपवरून. अ‍ॅपने वय, उंची, वजन विचारलं आणि मग एक पट्टी दाखवली: आठवड्याला पाव किलो, अर्धा किलो, पाऊण किलो, एक किलो. पट्टी समोर असली की बोट शेवटच्या टोकालाच जातं. त्यांचंही गेलं.

आता हिशोब. मिफ्लिन-सेंट जिऑर हे १९९० सालचं समीकरण आजही सर्रास वापरलं जातं. बायकांसाठी ते असं: वजनाची दहापट, अधिक उंचीची सव्वासहापट, वजा वयाची पाचपट, वजा १६१. त्यांच्या बाबतीत ७८० + १,००० − १७० − १६१ = १,४४९. नुसतं पडून राहिलं तरी शरीर दिवसाला एवढ्या कॅलरी वापरतं. बैठ्या कामासाठी याला १.४ ने गुणलं की २,०३० च्या आसपास रोजचा खर्च येतो.

एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० कॅलरी असतात. आठवड्याला किलोभर घटवायचं तर रोज १,१०० ची तूट हवी. २,०३० मधून १,१०० गेले की उरतात ९३०. इतका आकडा दाखवायला अ‍ॅपवाले धजावत नाहीत, म्हणून ते १,२०० वर थांबतात. म्हणजे १,२०० हे या बाईंसाठी काढलेलं उत्तर नव्हतंच. तो तळ होता, गणित त्याच्याही खाली गेलं म्हणून दाखवलेला. पट्टीवर अर्धा किलो निवडलं असतं तर तेच अ‍ॅप १,४८० म्हणालं असतं.

त्यात त्यांनी स्वतःहून आणखी दीडशे कापले. "हातचे असावेत म्हणून." झाले १,०५०.

वही

त्या वही व्यवस्थित लिहायच्या, त्यामुळे आमचं काम सोपं झालं. एका मंगळवारचं पान असं होतं: सकाळी बिनसाखरेची कॉफी. अकराला एक सफरचंद. दुपारी कच्च्या भाज्यांची मोठी वाटी आणि उकडलेलं एक अंडं. चारला पुन्हा कॉफी. संध्याकाळी व्यायामानंतर एक केळं. रात्री डाळ, भाजी, थोडा भात. खाली लाल शाईत बेरीज, १,०४०, आणि शेजारी बरोबरची खूण. अशा खुणा सोमवार ते शुक्रवार रांगेत होत्या.

शनिवार-रविवारची पानं कोरी होती.

सुरुवातीला तसं नव्हतं. पहिले सहा-सात आठवडे शनिवार-रविवारही तेराशेच्या आत लिहिलेले होते. मग एका शनिवारी दुपारपर्यंतच्या नोंदी, पुढे काहीच नाही. त्यानंतरच्या शनिवारी पानावर नुसती तारीख. नंतर तारीखही नाही. आम्ही त्याबद्दल विचारलं तर त्या म्हणाल्या, "दोन दिवस जरा मोकळीक देते स्वतःला." ही मोकळीक म्हणजे नेमकं काय, ते त्यांच्याच फोनमधले फोटो आणि आठवण यांच्या आधाराने मांडलं. शनिवारी साधारण २,६००, रविवारी ३,०००. रविवार रात्रीचं बरंचसं खाणं ओट्यापाशी उभ्याउभ्या, डब्यातून थेट. "ताट वाढून घेतलं तर जेवण मोजावं लागतं ना," असं त्या हसत म्हणाल्या, आणि मग गप्प झाल्या.

इथे एक प्रश्न विचारावाच लागतो, तो अवघड वाटला तरी: खाताना हात थांबवता येत नाही असं होतं का, आणि खाल्लेलं उलटी करून किंवा औषधं घेऊन बाहेर काढलं जातं का? दुसऱ्याचं उत्तर स्पष्ट नाही असं होतं. पहिल्याचं "कधीकधी". हे 'कधीकधी' कमी झालं नाही तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं, हे पहिल्याच भेटीत ठरवलं. खाण्याच्या विकाराची सुरुवात बाहेरून शिस्तीसारखीच दिसते, म्हणून घरच्यांच्या ती लक्षात येत नाही.

मधल्या दिवसांतही काही निसटत होतं. भाजीतलं तेल नजरेच्या अंदाजाने. एक मोठा चमचा म्हणजे १२० कॅलरी. मुलाच्या ताटातले उरलेले दोन घास. सहकाऱ्याने पुढे केलेले मूठभर दाणे. हे धरून रोजचे १७५ वाढवले. यात लबाडी अजिबात नाही. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये 'आमचं वजन कमी खाऊनही घटत नाही' असं म्हणणाऱ्या लोकांचा खर्च खास खुणेचं पाणी (ज्यातले अणू नंतर लघवीत ओळखता येतात) पाजून अचूक मोजला गेला होता. त्यांनी सांगितलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी निघालं आणि सांगितलेली हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. त्यांचं चयापचय मात्र ठणठणीत होतं. त्या मानाने आमच्या बाईंची वही फारच प्रामाणिक म्हणायची.

आठवड्याची बेरीज: पाच दिवस १,२२५ म्हणजे ६,१२५. अधिक २,६००, अधिक ३,०००. एकूण ११,७२५. भागिले सात, रोजचे १,६७५.

हा आकडा बघून त्या दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे पाच दिवस मी उगाच उपाशी राहते?"

मग वजन का हलेना

कागदावर बघितलं तर व्यायाम धरून त्यांचा खर्च आता २,००० च्या थोडा वर असायला हवा होता. प्रत्यक्षात तो १,८०० च्या आसपास असावा असा आमचा अंदाज. याला दोन कारणं. एक, वजन घटताना शरीर खर्च थोडा आखडतं घेतं. लेप्टिन आणि थायरॉइडचं टी-३ ही संप्रेरकं खाली येतात. दुसरं कारण जास्त मोठं आणि दिसायला अगदी क्षुल्लक: माणूस हलेनासा होतो. फोनमधली पावलं उघडून बघितली. व्यायामाची वेळ वगळली तर आधी दिवसाला सात हजारांच्या घरात असलेली पावलं चार हजारांवर आली होती. जिना टाळणं, उभं राहून करायचं काम बसून करणं, मुलाला "तूच जा" म्हणणं. यातलं काहीही त्यांनी ठरवून केलं नव्हतं.

१,८०० खर्च आणि १,६७५ जमा. रोजची तूट सव्वाशे. पाच आठवड्यांत ४,३७५ कॅलरी, म्हणजे जेमतेम अर्धा किलो चरबी. ती घटली असणारच, पण दिसली नाही, कारण वजन सोमवारी सकाळी व्हायचं. रविवारच्या भरपेट खाण्यानंतर यकृत आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन (साठवलेली साखर) भरतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी येऊन बसतं; वर मीठ आणि पोटात असलेलं अन्न. आठवड्यातला सगळ्यात वाईट आकडा बघायला त्यांनी नेमका सोमवारच निवडला होता, आणि तो बघून दर सोमवारी नव्या जोमाने पोटाला चिमटा काढायच्या.

"कमी खाल्लं की शरीर चरबी सोडतच नाही" हे वाक्य आम्हाला आठवड्यातून दोनदा तरी ऐकावं लागतं. तसं असतं तर दुष्काळात माणसं हाडकुळी झाली नसती. मिनेसोटा विद्यापीठात संशोधक अ‍ॅन्सल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं, दिवसाला साधारण १,६०० कॅलरींवर, भरपूर चालायला लावून. त्यांचं वजन सुमारे चतुर्थांशाने घटलं. चयापचय मंदावलं खरं, पण बंद पडलं नाही. त्या प्रयोगातून घ्यायचं ते निराळंच आहे. ती माणसं सतत गारठलेली असत, चिडचिडी झाली, कशात मन लागेना, आणि दिवसभर डोक्यात अन्न. काहींनी तर पाककृतींची पुस्तकं जमवायला सुरुवात केली. रात्रीचे स्वयंपाकाचे व्हिडिओ आणि ऑफिसातला स्वेटर यांचा अर्थ आम्हाला इथे लागला.

पाच दिवसांची गोष्ट

सरासरी १,६७५ येते, मग पाळी का थांबावी, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडायला हवा. सरासरी काट्याला कळते. बाकीचं शरीर रोजच्या रोज हिशोब मागतं.

खाल्लेल्या कॅलरींतून व्यायामाचा खर्च वजा करायचा आणि चरबी सोडून उरलेल्या वजनाने भागायचं. जे उरतं ते शरीराला बाकी सगळ्या कामांसाठी मिळणारं इंधन. यंत्रावरच्या मोजणीत त्यांचं चरबीविरहित वजन ४६ किलो आलं (ही यंत्रं अंदाजच सांगतात, तरी चालेल). सोमवार ते शुक्रवार: १,२२५ वजा व्यायामाचे २५०, भागिले ४६. उत्तर किलोमागे २१ कॅलरी.

संशोधक अ‍ॅन लाउक्स यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी, नियमित पाळी असलेल्या तरुणींचं हे इंधन वेगवेगळ्या पातळ्यांवर आणलं होतं. ३० च्या खाली गेल्यावर मेंदूकडून बीजकोशांना जाणारे एलएच संप्रेरकाचे ठोके विस्कळीत होऊ लागले. तो प्रयोग चालला होता पाच दिवस. आमच्या बाई दर आठवड्याला स्वतःवर तोच प्रयोग करत होत्या. ३० ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही. त्या मुली सडपातळ होत्या, आणि अंगावर चरबी जास्त असलेल्यांमध्ये ही मर्यादा तशीच लागू होते असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण थंडी, झोप, केस आणि पाळी ही चारही लक्षणं एकाच दिशेला बोट दाखवत असताना २१ हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नव्हता.

तरीही पाळी चुकली की कारण आहारच, असं गृहीत धरायचं नसतं. त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. गर्भधारणा नाही, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि प्रोलॅक्टिन (पाळीवर परिणाम करणारं संप्रेरक) ठीक. हिमोग्लोबिन ११.४, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) ११, दोन्ही कमी. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी सुरू केल्या. केसांबद्दल त्यांना एक गोष्ट नीट समजावली: धक्का बसल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात, त्यामुळे आज गळणारे केस हे डाएटच्या पहिल्या आठवड्यांचं देणं आहे. आजपासून पोटभर खाल्लं तरी गळती लगेच थांबणार नाही. हे आधी सांगितलं नाही तर माणूस महिनाभरात "काही उपयोग नाही" म्हणून सोडून देतो.

वाढवायचं

पहिले चार आठवडे वजन घटवायचंच नाही, असं ठरलं. रोज १,८००, सातही दिवस. आठवड्यातून तीनदा वजनं उचलण्याचा व्यायाम चालू ठेवला. बाकीचे दिवस घामाघूम होऊन चालणं बंद केलं, नुसता फेरफटका. वजन रोज सकाळी करायचं, पण बघायची फक्त सात दिवसांची सरासरी.

पहिल्या आठवड्याअखेर सरासरी ७३.६. त्यांचा फोन आला तेव्हा आवाज रडवेला होता. सव्वा किलोभर वाढ चरबीची असायला खर्चाच्या वर नऊ हजारांहून जास्त कॅलरी खाव्या लागल्या असत्या, आणि त्यांची वही तर रोज १,८०० दाखवत होती. हे गणित फोनवर त्यांच्याकडूनच करून घेतलं. आपण सांगून जे पटत नाही ते स्वतः भागाकार केल्यावर पटतं. चौथ्या आठवड्याअखेर ७३.१. झोप तिसऱ्या आठवड्यात सुधारली. ओट्यापाशी उभं राहून खाणं या काळात एकदाच झालं.

मग तूट सुरू केली. सोमवार ते शुक्रवार १,५००, शनिवार-रविवार १,७५०. आठवड्याचे ११,०००. जुन्या ११,७२५ शेजारी हा आकडा ठेवला तर गंमत कळते: पाच दिवस पूर्वीपेक्षा पावणेतीनशे जास्त, तरीही आठवडा सव्वासातशेने हलका.

या १,५०० मध्ये सगळ्यात मोठा बदल प्रथिनांचा. आधी दिवसाला ४५ ग्रॅमच्या आसपास होती, ती १०० वर नेली. वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण १.४ ग्रॅम. तुटीच्या काळात स्नायू टिकवायचे तर १.२ ते १.६ ची शिफारस असते. प्रथिनं पचवायलाच त्यांच्यातल्या २० ते ३० टक्के कॅलरी लागतात, आणि भूकही जास्त वेळ शांत राहते. सकाळची नुसती कॉफी गेली, तिच्या जागी अंडी किंवा दही आणि फळ. दुपारच्या कच्च्या भाज्यांमध्ये डाळी-कडधान्यं आली. संध्याकाळचं केळं तसंच ठेवलं, उगाच सगळं बदलण्यात अर्थ नसतो. तेल आठवडाभर वजनकाट्यावर मोजलं आणि नंतर मोजणं सोडलं. एकदा नजर बसली की पुरे. जन्मभर काटा घेऊन स्वयंपाक करणारी माणसं फारशी आनंदी दिसत नाहीत.

पुढच्या अठरा आठवड्यांत वजन ७३.१ वरून ६७.७ वर आलं. आठवड्याला सरासरी ३०० ग्रॅम. या गतीचा त्यांना मधेमधे राग यायचा, आणि तो समजण्यासारखा होता. पहिल्या आठ आठवड्यांत आठवड्याला ७०० ग्रॅम गेले होते. सर्वसाधारणपणे आठवड्याला अर्धा ते एक किलो ही सुरक्षित गती मानतात, आणि त्यांचं ७०० ग्रॅम त्यात बसतही होतं. गती 'सुरक्षित' असूनही शरीर नाही म्हणू शकतं, हे या प्रकरणातलं आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पाळी खाणं वाढवल्यावर सातव्या आठवड्यात आली आणि पुढे नियमित राहिली. केसांची गळती थांबायला त्याहून बराच वेळ लागला. पावलं न सांगता सात हजारांवर परतली.

एक शंका हमखास येते: मग मधुमेहासाठी ८०० कॅलरींवर ठेवतात ते कसं चालतं? चालतं. ब्रिटनमधल्या डायरेक्ट चाचणीत (निष्कर्ष २०१७) टाइप-२ मधुमेह असलेल्यांना तीन ते पाच महिने सुमारे ८२५ ते ८५० कॅलरींवर ठेवलं आणि वर्षअखेर जवळपास निम्म्यांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता. पण तिथे सगळी जीवनसत्त्वं-क्षार घातलेलं तयार द्रवान्न होतं, रक्तदाबाची आणि मधुमेहाची औषधं पहिल्याच दिवशी बंद केली होती, नंतर अन्न टप्प्याटप्प्याने परत आणलं होतं, आणि प्रशिक्षित माणूस सतत पाठीशी होता. वेगाने वजन घटवताना पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो. सफरचंद आणि कॉफीवर स्वतःच्या स्वतः ८०० करणं ही वेगळी गोष्ट आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढीच्या वयातली मुलं, इन्सुलिनवर असलेले, पूर्वी खाण्याचा विकार झालेले: यांनी वरचे आकडेसुद्धा डॉक्टरांशिवाय उचलू नयेत.

आता त्यांना ६२ व्हायचं आहे. ६२ किलोला, त्यांच्या सध्याच्या हालचालीत, टिकून राहायला रोज १,७०० ते १,८०० लागतील असा हिशोब निघतो. आम्ही सांगितलं, आधी ६७.७ वर आठ आठवडे थांबा, आणि त्यातले शेवटचे चार आठवडे १,७५० वर राहून बघा. तेवढ्यात जेवण जेवणासारखं वाटतंय, शनिवारची पानं भरलेली आहेत आणि पाळी वेळेवर आहे, तर पुढे जाऊ. नाहीतर ६७.७ हेच वजन. त्या हो म्हणाल्यात, पण ६२ चा आकडा वहीच्या पहिल्या पानावरून अजून खोडलेला नाही.